गलबत विकत घेताना : किनारा, कारागीर आणि आपण बडोदेकर



बडोद्यात उभे राहून समुद्राविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. आपल्याकडे विश्वामित्री आहे, सूरसागर आहे, आजवे सरोवर आहे, समुद्र नाही. आपले पूर्वज इथे आले ते घोड्यांवरून. सोनगडचा डोंगरी किल्ला हे गायकवाडांचे पहिले ठाणे आणि १७३४ साली बडोदे कायमचे हाती आले तेही घोडदळाच्या बळावर. त्यामुळे आपल्या घराण्यांच्या आठवणींत तलवार, पागा, सनद, इनाम असे शब्द आढळतात. शीड, सुकाणू, नांगर हे शब्द क्वचितच येतात. तरीही जुन्या गायकवाडी राज्याचा नकाशा समोर घेतला, तर नवसारी प्रांतात बिलिमोऱ्याचे बंदर दिसते, अमरेली प्रांतात कोडीनारचा किनारा दिसतो आणि सौराष्ट्राच्या अगदी पश्चिम टोकाला ओखामंडळ दिसते. राज्य समुद्राला शिवत होते. त्या राज्यातली आपण मराठी माणसे समुद्राला कितपत शिवलो, हा निराळा प्रश्न आहे.

आजच्या विषयाचे निमित्त मात्र जुने नाही. हल्ली सुखवस्तू घरांत गोव्याला एक फ्लॅट घ्यावा, तसा एखादी हौसेची शिडाची बोटही घ्यावी, असा विचार ऐकू येतो. अशा बोटीला आता सरसकट ‘यॉट’ म्हणतात. मांडवीच्या पात्रात आणि मुंबईला गेटवेसमोर अशा बोटी नांगरलेल्या दिसतात. हौसेला माझी हरकत नाही. समुद्राची हौस आपल्याला जरा उशिराच सुचली, एवढेच म्हणेन. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक प्रश्न दिसतो. या किनाऱ्यावर जो पैसे मोजून गलबत घेतो, त्याच्या हाती नेमके काय येते आणि काय येत नाही? हा प्रश्न साडेतीनशे वर्षांत या किनाऱ्याने अनेकांना विचारला आहे. राजाला विचारला, संस्थानिकाला विचारला, व्यापाऱ्याला विचारला, एका तरुण इंग्रज खलाशालाही विचारला. त्यांतले काही व्यवहार आज क्रमाने पाहू.

१. मोलाने आणलेले हात

१६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि स्वराज्याला खाडी मिळाली. लढाऊ गलबते हवी होती. तयार जहाजे विकत घ्यावीत, तर ती विकणारे म्हणजे पोर्तुगीज, आणि समुद्रावरचा परवाना देणारेही तेच. पोर्तुगीजांचे ‘कार्ताझ’ जवळ नसेल, तर व्यापारी जहाजाला आपल्याच समुद्रात चोर ठरवले जाई. म्हणून महाराजांनी जहाजांऐवजी कारागीर आणले. रुय लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज, त्याचा मुलगा आणि त्यांच्या हाताखालची माणसे कल्याणच्या खाडीत कामाला लागली. ही गलबते सिद्दीविरुद्ध आहेत, असे सांगण्यात आले होते.

पोर्तुगीजांना मात्र चाहूल लागली. आज सिद्दीवर जाणारी गलबते उद्या आपल्यावर येतील, हे त्यांनी ओळखले. १६५९ साली त्यांच्या बाजूने निरोप गेले, कारागिरांना समजावले गेले आणि व्हिएगश मंडळी काम अर्धवट टाकून वसईकडे निघून गेली. मोलाने आणलेले कसब ज्याचे होते त्याच्याकडे परत गेले.

पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. काम थांबले नाही. मधल्या काळात कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरचे मुसलमान दर्यावर्दी यांच्यातून आरमाराची माणसे उभी राहिली. दौलतखान आणि मायनाक भंडारी ही नावे आपण वाचतो ती त्याच काळातली. बरोबर वीस वर्षांनी, १६७९ साली, मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रज आडवे आले. इंग्रजांची जहाजे मोठी होती, त्यांना खोल पाणी लागे. मराठ्यांची होडकी उथळ पाण्यातून, खडकांच्या मधून, रात्रीच्या भरतीवर बेटाला रसद पोचवीत राहिली. ऑक्टोबरमधल्या लढाईत ‘डव्ह’ नावाचे इंग्रजांचे गुराब मराठ्यांच्या हाती पडले. ही होडकी कोणी नावाजली नसती. पण ती ज्या पाण्यासाठी बांधली होती ते पाणी बांधणाऱ्याला ठाऊक होते आणि चालवणाऱ्यालाही.

२. झाडाचे मोल

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण आहे, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यातली लाकडाविषयीची सूचना पुष्कळदा पर्यावरणाच्या भाषणात सांगितली जाते. मला ती खरेदीखतासारखी वाटते. आरमाराला सागवानासारखे लाकूड लागते ते राज्यातल्या अरण्यातून, परवानगीने तोडावे; परमुलखातून हवे तर विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही जहाजाच्या उपयोगाचे असते, पण त्याला हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जुने झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे, असा त्याचा आशय आहे.

राज्यकर्त्याला झाड फुकट घेता आले असते. अमात्यांनी त्याला किंमत मोजायला सांगितले, आणि किमतीच्या आधी राजीखुशी सांगितली. गलबताचे पहिले मोल मालक देत नाही, किनाऱ्यामागचा शेतकरी देतो, हे भान त्या सूचनेत आहे. लाकडाच्या मागे रान असते, रानामागे माणसे असतात. हे पुढे आपल्या बिलिमोऱ्याच्या बाबतीत शब्दशः दिसते.

३. बिलिमोरा आणि ओखा : किनारा हाती आला तेव्हा

अंबिका नदी डांगच्या बाजूने उतरते आणि बिलिमोऱ्याजवळून समुद्राकडे जाते. गायकवाडांचे आरमार या बंदरात असे. ‘सुभा आरमार’ हे त्या ठाण्याचे नाव. जागेची निवड सहज झालेली नाही. मागे डांगचे सागाचे रान, पुढे खाडी, आणि मधल्या पट्ट्यात जहाजे बांधणारे सुतार व ती चालवणारे खारवे. सुरतेपासून वलसाडपर्यंतचा हा पट्टा जहाजबांधणीसाठी जुना. ‘वाडिया’ या आडनावाचा गुजरातीतला मूळ अर्थच जहाज बांधणारा. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला गेले ते कंपनीच्या गोदीत काम करायला. त्यांच्या वंशजांनी मुंबईत सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ सालचे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

मुंबईच्या गोदीला जे कसब मिळाले ते आपल्या दारातून गेले होते, हे लक्षात घ्यावे. बिलिमोऱ्याचे आरमार काळाच्या ओघात मावळले. डांगचा साग मात्र येतच राहिला. १९१३ साली बडोदे संस्थानाने बिलिमोरा-वघई ही अरुंद रूळांची रेल्वे सुरू केली ती मुख्यतः त्या लाकडासाठी. ज्या नदीकाठी एके काळी सागाची गलबते होत, तिथून आता सागाचे ओंडके गाडीत भरून बाहेर जाऊ लागले. लाकूड आपले राहिले, त्यातून घडणारी वस्तू आपली राहिली नाही.

ओखामंडळाची हकीकत वेगळ्या वळणाची आहे. द्वारका आणि बेट ही यात्रेची ठिकाणे, पण त्या किनाऱ्यावरच्या वाघेरांचा समुद्रावर दरारा होता आणि इंग्रजांच्या लेखी ती चाचेगिरी होती. १८१६ साली कर्नल ईस्ट याच्या फौजेने तो मुलूख घेतला आणि १८१७ साली तो गायकवाडांकडे सोपवला. म्हणजे किनारा आपल्याकडे आला तो करारातून. आपले वहिवाटदार गेले, ठाणी बसली, वसूल सुरू झाला. पण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क आणि मान कागदावर बसवता आला नाही. १८५८ साली वाघेर उठले, द्वारका आणि बेट त्यांच्या हाती गेले. १८५९ मध्ये त्यांच्यावर तोफा डागल्या त्या इंग्रजांच्या जहाजांवरून. बडोद्याचा किनारा बडोद्याला परत मिळवून द्यायला दुसऱ्याची जहाजे लागली. जोधा माणेकचे नाव ओखामंडळात अजून आदराने घेतात. आपल्या बाजूच्या कागदांत तो बंडखोर आहे. दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्याच्या आहेत, आणि आपण त्यांतली एकच वाचत आलो.

सयाजीराव महाराजांनी या किनाऱ्याकडे निराळ्या नजरेने पाहिले. १८८७ पासून त्यांनी अनेकदा समुद्र ओलांडला. बंदर म्हणजे काय, हे त्यांनी परदेशांत पाहिले होते. त्यांच्या कारकिर्दीत १९२६ साली ओखा बंदर खुले झाले. नंतर १९३९ साली जवळच मिठापूरला टाटा केमिकल्स उभी राहिली. किनाऱ्याकडे नुसता वसुलाचा मुलूख म्हणून न पाहता तिथे कायमचे काही उभारावे, हा विचार त्यामागे होता. तो आला तेव्हा संस्थानाच्या आयुष्याची जेमतेम दोन दशके उरली होती.

४. ग्वाल्हेरची ‘लॉयल्टी’

आता विकत घेतलेल्या जहाजाची एक ठळक गोष्ट. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज १८९० साली इंग्लंडमध्ये बॅरो इथे पाण्यात उतरले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ते व्हँकुव्हरहून जपान-हाँगकाँगला फेऱ्या मारी. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ते विकत घेतले. इतर संस्थानिकांचेही त्याला साहाय्य होते. हिंदी सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय-जहाज झाले आणि त्याला नाव दिले गेले ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. ज्या घराण्याच्या महादजींनी दिल्लीच्या राजकारणाला वळण दिले, त्या घराण्याच्या जहाजावर आता हे नाव होते. त्या नावात काळ स्पष्ट वाचता येतो.

युद्ध संपल्यावर जहाज पुन्हा विक्रीला आले. ते घेतले नरोत्तम मोरारजी, वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सोबत्यांनी. वालचंदांचे घराणे मूळ गुजरातचे आणि स्थायिक झालेले सोलापूरकडे. आपण मराठी असून गुजरातचे झालो, ते गुजराती असून महाराष्ट्राचे झाले. १९१९ च्या मार्चमध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. जहाजाच्या जुन्या धन्याचे नाव कंपनीला मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. त्याच दिवसाची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन आहे.

समारंभात इथेच टाळ्या पडतात. हिशेबाची वही पुढे सांगते. जहाज जुने होते, त्याचा खर्च मोठा होता. समुद्रावरचा माल कोणी वाहायचा हे ठरवणाऱ्या परदेशी कंपन्या एकमेकींना धरून होत्या. त्यांनी भाडी पाडली. १९२१ मध्ये ‘लॉयल्टी’ मुंबईत बांधून ठेवावी लागली आणि १९२३ साली ती भंगारात गेली. त्याच वर्षी कंपनीला ब्रिटिश इंडिया कंपनीशी दहा वर्षांचा करार करून किनाऱ्यावरच्या वाहतुकीतला मर्यादित वाटा पत्करावा लागला.

जहाज विकत मिळाले होते. बंदरात माल मिळण्याचा हक्क, दुरुस्तीची गोदी, प्रशिक्षित अधिकारी, विमा या गोष्टी त्या खरेदीत आल्या नव्हत्या. वालचंदांचे मोठेपण मला ‘लॉयल्टी’ घेण्यापेक्षा ती गेल्यानंतर त्यांनी जे केले त्यात दिसते. धडा त्यांनी नेमका घेतला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम इथे जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली, आणि १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे तिथे बांधलेले जहाज पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत पाण्यात उतरले. विकत घेतलेल्या पहिल्या जहाजापासून बांधलेल्या जहाजापर्यंत येण्यास एकोणतीस वर्षे लागली.

५. मुंबईत बांधलेली ‘सुहेली’

आतापर्यंत राज्ये आणि कंपन्या पाहिल्या. आता हौसेच्या बोटीकडे येऊ. ज्याला आज यॉट म्हणतात तशी बोट आपल्या किनाऱ्यावर घेणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १९६० नंतरच्या त्या वर्षांत हा तरुण व्यापारी जहाजावर अधिकारी होता आणि मुंबई हे त्याचे नेहमीचे बंदर. त्याने इंग्लंडहून बोटीचे नकाशे मागवले. हवे होते ते आले नाहीत. आले ते ‘एरिक’ नावाच्या जुन्या, जाडजूड, बत्तीस फुटी बोटीचे. वेळ आणि पैसा मोजका होता, म्हणून त्याने तीच बांधायची ठरवली.

बोट मुंबईत, सागवानात, आपल्या सुतारांनी बांधली. वाकसाने तासून आणि दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडून, म्हणजे वाडियांच्या गोदीतल्या सुतारालाही ओळखीच्या वाटतील अशा हत्यारांनी. १९६४ च्या अखेरीस नारळ फोडून ती पाण्यात सोडली. अरबी खलाशी एका वाऱ्याला ‘सुहेली’ म्हणतात, तेच नाव तिला दिले.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडमधल्या फालमथहून एकटे निघाले, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत. नऊ जण त्यात होते. काहींच्या बोटी वेगवान होत्या, नव्या पद्धतीच्या होत्या. ‘सुहेली’ संथ होती. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ती फालमथला परतली. नऊ जणांपैकी शर्यत पुरी करणारी ती एकटीच. न थांबता, एकट्याने, शिडाच्या बोटीतून झालेली जगातली पहिली प्रदक्षिणा मुंबईच्या सागवानावर झाली. त्या इतिहासात मालकाचे नाव ठळक आहे, बोटीचे आहे. ज्यांनी ती तासली त्यांचे ठळक अक्षरांत नाही.

याचे श्रेय आपण घ्यावे का? घ्यावे, पण त्याबरोबर एक लाजही पत्करावी लागेल. ज्या किनाऱ्यावरचे सुतार अशी बोट बांधू शकत होते, त्या किनाऱ्यावरच्या सुशिक्षित मराठी माणसाला त्यांच्याकडून बोट बांधून घ्यावी, असे सुचले नव्हते. आपण समुद्राकडे फिरायला गेलो, देवदर्शनाला गेलो, बोटीने कोकणात गेलो. बोट ही आपल्या मालकीची, आपल्या हाताने चालवायची वस्तू असते, हे एका परक्या तरुणाला दिसले. आपण लाकूड, कसब आणि किनारा या तिन्हींच्या शेजारी राहून ते पाहिले नाही.

६. ‘तृष्णा’ आणि ‘म्हादेई’

भारतीयांनी शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली ती १९८५ ते १९८७ मध्ये. सैन्याच्या इंजिनिअर दलातल्या अधिकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये एक वापरलेली बोट घेतली. ती सदतीस फुटी, मूळ फिनलंडमध्ये बांधलेली होती. तिचे नाव बदलून ‘तृष्णा’ ठेवले आणि २८ सप्टेंबर १९८५ रोजी तिथून निघून १० जानेवारी १९८७ रोजी ते मुंबईला आले. पराक्रम निःसंशय मोठा. बोट मात्र विकत घेतलेली आणि बाहेरची.

ही उणीव मनात ठेवणारा माणूस गुजरातेत जन्मलेला मराठी होता, हे सांगताना मला आनंद होतो. व्हाइस अॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांचा जन्म १९२७ साली सुरतेचा. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले हे अधिकारी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिले. समुद्रापासून दूर, माणदेशाच्या कडेला बसून त्यांनी एक कल्पना धरून ठेवली : एका भारतीयाने एकट्याने, भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी. ‘भारतात बांधलेल्या’ ही अट त्यांनी सोडली नाही. २००६ साली नौदलाने कल्पना उचलली आणि कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. शिकण्यासाठी ते काही काळ खुद्द नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली बोटीच्या तयारीत राबले. मुंबईच्या सागवानाचे ऋण असे वळसा घेऊन परत आले.

बोटीचा नकाशा डच होता, तो विकत घेतला. बोट बांधली गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. एवढी छप्पन्न फुटी, महासागर ओलांडणारी शिडाची बोट त्या कारखान्याने पूर्वी बांधली नव्हती. दिवाडीला जायला अजूनही फेरीबोटच लागते. या बेटावर एके काळी सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. पोर्तुगीजांच्या छळात लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेले गेले आणि १६६८ साली तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी करवला. आजच्या दिवाडीवर चर्च आहे, ऑगस्टात बोंदेरांचा उत्सव होतो. जवळच्या कुंभारजुव्यात गणपतीच्या दिवसांत दोन होड्या एकत्र बांधून सांगोड काढतात. ज्या मुलखात होडी ही देवाचीही गरज आहे, तिथे बोट बांधणारे हात असणार, यात नवल नाही. बोटीला नाव मिळाले ‘म्हादेई’. मांडवीचे हे वरच्या अंगाचे नाव, आणि म्हादेई ही नावाड्यांना राखणारी देवी.

दोंदे बोट तयार होण्याची वाट पाहत घरी बसले नाहीत. बांधणीच्या काळात ते कारखान्यात हजर असत. त्यामुळे बोटीचा प्रत्येक भाग कसा बसवला आहे, हे त्यांना ठाऊक होते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ‘म्हादेई’ नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्टला ते मुंबईहून एकटे निघाले. फ्रिमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन असे चार मुक्काम करून मे २०१० मध्ये परतले. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात न थांबता प्रदक्षिणा केली. दांडेकरांनी नंतर बांधलेल्या ‘तारिणी’तून सहा नौदल अधिकारी स्त्रिया २०१७-१८ मध्ये पृथ्वीभोवती जाऊन आल्या, आणि २०२४-२५ मध्ये दोघींनीच ती प्रदक्षिणा पुन्हा केली.

७. बांधणे आणि विकत घेणे

आता कोणी म्हणेल, म्हणजे बांधलेली चांगली आणि विकत घेतलेली वाईट. इतिहास इतका सरळ नसतो. अभिलाष टॉमी २०१८ साली जुन्या शर्यतीच्या स्मरणार्थ झालेल्या गोल्डन ग्लोबमध्ये उतरले. त्यांची ‘तुरिया’ ही ‘सुहेली’ची हुबेहूब प्रतिकृती होती आणि दांडेकरांनीच गोव्यात बांधलेली. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच बोटीने त्यांना सोडवले. बोट समुद्रातच सोडावी लागली. २०२२ साली ते पुन्हा गेले, या वेळी परदेशात बांधलेली तयार बोट, ‘बायानत’, घेऊन. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसरे आले. घरची बोट गेली, बाहेरची पोचली.

तेव्हा भेद बांधणे आणि विकत घेणे यांत नाही. व्हिएगश निघून गेल्यावरही कल्याणची गलबते पुरी झाली, कारण शिकलेले हात मागे राहिले होते. ‘लॉयल्टी’ बुडाली नाही, ती बांधून ठेवावी लागली, कारण तिच्यामागे किनारा उभा नव्हता. टॉमी दुसऱ्या वेळी पोचले, कारण वाटेत मोडलेले ते स्वतः दुरुस्त करू शकत होते. आणि ते शिक्षण त्यांना ‘म्हादेई’ने दिले होते. खरेदीखतात लाकूड, शीड आणि लोखंड लिहिता येते. पाण्याची ओळख, सुताराचा हात आणि किनाऱ्याची राजीखुशी त्यात लिहिता येत नाही. ती वेगळी कमवावी लागते, आणि तिला वर्षे लागतात.

म्हणून आपल्यातले कोणी उद्या गोव्यात बोट घेणार असेल, तर त्याला माझे सांगणे एवढेच : बोटीच्या आधी सुतार गाठावा. ती कोण दुरुस्त करतो, कोणत्या खाडीत पावसाळ्यात ती वर ओढून ठेवतात, त्या खाडीवर कोणाची मासेमारी चालते, हे विचारावे. चार दिवस त्या माणसांबरोबर पाण्यावर जावे. अमात्यांनी झाडाच्या धन्याला राजी करायला सांगितले होते. किनाऱ्याच्या धन्यालाही करावे.

आणि ज्यांना बोट घ्यायची नाही, त्यांच्याकडे एक मागणे आहे. या सभागृहात अशी घरे आहेत, ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा नवसारी प्रांतात, कोडीनारला, ओखामंडळात कारकून, फडणीस, वहिवटदार होते. त्यांच्या पेट्यांत, माळ्यावर मोडीचे रुमाल असतील. सनदा आणि इनामपत्रे आपण जपतो, कारण त्यांत घराण्याचे नाव असते. पण त्याच रुमालात एखादा चिटोरा असेल : अमुक बंदरात अमुक गलबताच्या दुरुस्तीस सुताराला इतके रुपये, इतके खिळे, इतके लाकूड. तो कागद टाकाऊ समजून रद्दीत जातो. बिलिमोऱ्याचे गलबत कोणी तासले, ओख्याच्या धक्क्यावर कोण राबले, याचा हिशेब अशाच कागदांत सापडण्याचा संभव आहे, कारण मोठ्या दप्तरांत मोठ्या माणसांची नावे असतात. मोडी वाचणारे आता या शहरात मोजकेच उरले आहेत, पण ते आहेत. येत्या दिवाळीत घराची झाडलोट करताना ते रुमाल बाहेर काढावेत, उन्हात न ठेवता सावलीत उलगडावेत, आणि रद्दीवाल्याच्या आधी एखाद्या मोडी जाणकाराला दाखवावेत, एवढी विनंती करून मी थांबतो.